परीक्षा विज्ञानाची की घड्याळाची?

चोपन्न सेकंद! अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात जी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते, तिच्यात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे शंभर प्रश्न विद्यार्थ्याने नव्वद मिनिटांत सोडवावयाचे असतात. भागाकार कोणीही करून पाहावा. एका प्रश्नाच्या वाट्याला चोपन्न सेकंद येतात. जीवशास्त्राचेही शंभर प्रश्न तेवढ्याच वेळात उरकावे लागतात. गणितापुरती थोडी उसंत आहे; तेथे पन्नास प्रश्नांना नव्वद मिनिटे आहेत. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही अखिल भारतीय परीक्षा त्या मानाने उदार म्हणावयास हवी. तीत १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात, म्हणजे दर प्रश्नामागे सहा सेकंदांची चैन!

या चोपन्न सेकंदांत काय घडावे अशी परीक्षकांची अपेक्षा आहे? प्रश्न वाचावयाचा, त्याचा अर्थ लावावयाचा, त्याच्या मुळाशी निसर्गाचा कोणता नियम आहे ते ओळखावयाचे, आकडेमोड करावयाची, चार पर्यायांशी ताडून पाहावयाचे आणि पडद्यावरच्या योग्य त्या वर्तुळात खूण करावयाची. हे सर्व त्या वेळात नीट होणे मनुष्यस्वभावास धरून नाही. आणि तरीही हजारो मुले ते करून दाखवितात! ते कसे, याचा शोध घेतला की आपल्या विज्ञानशिक्षणाची सध्याची अवस्था ध्यानात येते. उत्तर अवघड नाही. ती मुले त्या वेळी विचार करीत नसतात, आठवीत असतात.

या परीक्षेची सूत्रे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या हाती आहेत. या कक्षाच्या माहितीपत्रकात दिलेले आश्वासन मात्र मोठे आकर्षक आहे. प्रश्न मुख्यत्वे उपयोजनाचे असतील, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांची काठिण्यपातळी 'जेईई मेन'च्या आणि जीवशास्त्राची 'नीट'च्या बरोबरीची असेल, अकरावीच्या भागास सुमारे २० टक्के आणि बारावीच्या भागास ८० टक्के महत्त्व राहील, असे त्यात सांगितलेले असते. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, हीही एक सवलत आहे. परंतु 'उपयोजन' या शब्दाशी घड्याळ जुळत नाही. एक तर उपयोजन मागावे, नाही तर चोपन्न सेकंद द्यावेत. दोन्ही एकदम करता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रश्नपत्रिकांतील चुका, फेरपरीक्षा, फुटलेल्या प्रश्नपत्रिका यांविषयी आम्ही आज लिहीत नाही. २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पन्नासपैकी एकवीस प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले आणि सत्तावीस हजारांवर विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेस बसावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याबद्दल जेवढा संताप व्यक्त व्हावयास हवा होता तेवढा झाला. परंतु एखाद्या वर्षी एकही चूक झाली नाही, एकही प्रश्न फुटला नाही, सर्व यंत्रे सुरळीत चालली, तरी ही परीक्षा विद्यार्थ्याच्या बुद्धीकडून नेमके काय मागते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो विचारला जात नाही, म्हणून आम्ही विचारीत आहो.

शिक्षकी पेशात ज्यांनी काही काळ घालविला आहे, त्यांना 'संविधान तक्ता' ही चीज ठाऊक असेल. आम्हीही काही वर्षे शाळेत खडू झिजविला आहे. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी रकाने आखून ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य यांना किती किती गुण द्यावयाचे हे भरून द्यावे लागे. या रकान्यांचे मूळ शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांच्या कामात आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शिक्षणाच्या उद्दिष्टांचे एक वर्गीकरण प्रसिद्ध केले. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. पुढे लवकरच ब्लूमसाहेब भारतात आले, आणि त्यांच्या सल्ल्याने आपल्याकडे परीक्षासुधारणेच्या कार्यास चालना मिळाली. त्याआधीच राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली असा निर्वाळा दिला होता की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर आम्ही परीक्षांची सुधारणा सुचवू. म्हणजे रोगाचे निदान पाऊणशे वर्षांपूर्वीच झाले आहे, आणि औषधाची चिठ्ठीही तेव्हाच लिहिली गेली आहे. रोगी मात्र ती चिठ्ठी खिशात ठेवून हिंडतो आहे.

'उपयोजन' म्हणजे काय, हे आमच्या कळंबोलीतल्या माणसाला तरी पुस्तकी भाषेत समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आमच्या दारातून सुरू होतो. पोलादाच्या गुंडाळ्या लादलेले ट्रेलर येथील लोखंड-पोलाद बाजारात रात्रंदिवस ये-जा करतात. बोरघाट उतरताना वाहन 'न्यूट्रल' करू नका, हा इशारा चालकांना पाठ असतो. आता विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न ठेवून पाहू.

पहिला प्रश्न असा : दहा किलोग्रॅम वस्तुमानाची वस्तू वीस मीटर उंचीवरून पडली, तर जमिनीला टेकताना तिची गतिज ऊर्जा किती? वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की १,९६० ज्यूल हे उत्तर हाती येते. सूत्र पाठ असले की चोपन्न सेकंदांपैकी चाळीस उरतात.

दुसरा प्रश्न असा : माल धरून चाळीस टन भरणारा ट्रेलर ५०० मीटरचा घाट उतरला. माथ्यावर त्याचा जो वेग होता तोच पायथ्याशी आहे. मग ऊर्जा गेली कोठे? ती सारी ब्रेकमध्ये उष्णतारूपाने उतरली असे मानले, तर तेवढ्या उष्णतेने साधारण किती पाणी उकळीस येईल? आणि चालक घाटात खालचा गिअर का टाकतो? या प्रश्नातही गुणाकार तोच आहे. उत्तर सुमारे १९ कोटी ६० लक्ष ज्यूल येते. २५ अंशांवर असलेले सहाशे लिटरांहून अधिक पाणी तेवढ्या ऊर्जेत उकळू लागेल. सहाशे लिटर पाणी उकळविणारी आग चार-सहा चाकांच्या ब्रेकमध्ये कोंडली तर काय होईल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. खालच्या गिअरमध्ये हा भार इंजिनाकडे वळविला जातो आणि त्यातला मोठा वाटा ब्रेकच्या डोक्यावरून उतरतो. (आम्ही स्वतः कलाशाखेचे. हे गणित एका विज्ञानशिक्षक स्नेह्याकडून तपासून घेतल्यावरच छापीत आहो.)

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा एकच नियम आहे. मग दोहोंत फरक कोणता? पहिल्या प्रश्नात नियम कोणता लावावयाचा हे प्रश्नाच्या रचनेवरूनच कळते. दुसऱ्यात ते विद्यार्थ्याला स्वतः ओळखावे लागते. काय गृहीत धरावयाचे, हवेचा व टायरांचा विरोध सोडून दिला तर उत्तर किती बिघडेल, आलेला आकडा मोठा की लहान, हे सारे त्याच्या विवेकावर सोपविलेले आहे. विज्ञान शिकलेला माणूस आणि सूत्रे शिकलेला माणूस यांतील अंतर एवढेच आहे, पण ते फार मोठे आहे.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. हा ट्रेलरचा प्रश्न यंदाच्या परीक्षेत विचारला गेला अशी कल्पना करा. आठवड्याच्या आत तो शिकवणी वर्गांच्या वह्यांत जाऊन बसेल. त्याला 'घाटातला ट्रेलर' असे नावही मिळेल. पुढील वर्षी तो दोनशे वेळा गिरविला जाईल. ट्रेलरच्या जागी आगगाडी येईल, घाटाच्या जागी धरणाचा उतार येईल. आणि तिसऱ्या वर्षी तोच प्रश्न परीक्षेत आला, म्हणजे तो सराव केलेल्या मुलाला निव्वळ स्मरणाचा प्रश्न असेल आणि ज्याने तो पूर्वी पाहिलेला नाही त्याला उपयोजनाचा! प्रश्न एकच, प्रश्नपत्रिका एकच, वेळही एकच. परंतु एक मुलगा आठवतो आहे आणि त्याच्या शेजारचा विचार करतो आहे. चोपन्न सेकंदांच्या शर्यतीत विचार करणारा मागे पडणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

म्हणून प्रश्नाची बौद्धिक पातळी कागदावर ठरत नाही. प्रश्न आणि विद्यार्थी यांची गाठ पडते तेव्हा ती ठरते. संविधान तक्त्यात 'उपयोजन' असा शिक्का मारलेला प्रश्न पैसे मोजून अगोदर गिरवून घेता येत असेल, तर तो शिक्का खोटा ठरतो. आणि गिरवून घेण्याचे दाम आपल्याकडे किती आहे ते या वृत्तपत्राच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. अनेकांनी ते भरले आहे. दोन वर्षांच्या शिकवणीचा खर्च लाखांच्या घरात जातो. कनिष्ठ महाविद्यालय आणि शिकवणी वर्ग यांच्या संगनमताने जो 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार बोकाळला, त्यात मुलाचे नाव महाविद्यालयाच्या पटावर असते आणि मूल वर्गांच्या बाकावर. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीची सक्ती करून या प्रकारास आळा घालण्याचा प्रयत्न केला. हेतू चांगला होता. पण मुलाचा अंगठा महाविद्यालयात हजर करता आला, तरी त्याचे मन तेथे हजर करावयाचे असेल तर परीक्षाच बदलावी लागेल. तसेच 'लातूर पॅटर्न'चे. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करावयास हवी : त्या शिक्षकांनी परीक्षा नेमके काय मागते हे अचूक ओळखले आणि ते विद्यार्थ्यांकडून कष्टपूर्वक करवून घेतले. मागणीच सरावाची असेल, तर पुरवठाही सरावाचाच होणार.

कळंबोलीसारख्या वसाहतीत या गोष्टीचा अर्थ काय होतो, हे सिडकोच्या लहान घरांच्या ओळींतून फिरणाऱ्याला कळेल. ट्रेलरचालकाचा, पोलाद बाजारातील माथाडी कामगाराचा, तळोज्याच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याचा मुलगा अकरावीस विज्ञान घेतो. ब्रेक का तापतात, क्रेनचा दोर कोठे झिजतो, पोलादाची गुंडाळी पावसात उघडी राहिली की तिला गंज कसा चढतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. प्रदूषणाबद्दल जिचे नाव राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, ती कासाडी नदी त्याच्या घरापासून दूर नाही. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू घटला की मासे का मरतात, हा रसायनशास्त्राचा धडा त्याला नाकाने शिकविलेला आहे. विज्ञानाचे जे भांडवल पैशाने मिळत नाही ते त्याच्यापाशी आहे. परंतु आपली प्रवेश परीक्षा त्या भांडवलास काडीचीही किंमत देत नाही. तिला हवा असतो सराव, आणि सराव विकत मिळतो. हा निव्वळ शैक्षणिक दोष नव्हे. हा अन्याय आहे, आणि तो गुणवत्तेच्या नावाने होत असल्यामुळे अधिक टोचणारा आहे.

या रोगाचा सर्वांत बोलका नमुना 'नीट'ने २०२४ साली आपल्यापुढे ठेवला. त्या वर्षीच्या गदारोळात फुटलेल्या प्रश्नपत्रिकेची आणि वाढीव गुणांची चर्चा एवढी झाली की, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाकडे द्यावे तसे लक्ष कोणी दिले नाही. प्रश्नात दोन विधाने होती. पहिल्याचा आशय असा की, अणूत धन व ऋण प्रभार सारखे असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसऱ्याचा आशय असा की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. पहिले विधान बरोबर, याविषयी वाद नव्हता. वाद दुसऱ्याचा होता. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत 'प्रत्येक मूलद्रव्याचे' असे होते. नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशी दुरुस्ती झाली होती. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने काय करावे? दोन्ही उत्तरांना गुण दिले! प्रथम जाहीर झालेल्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे सदुसष्ट विद्यार्थी होते, आणि त्यांतील चव्वेचाळीस जणांना या एका प्रश्नाच्या मेहेरबानीने ते स्थान मिळाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तिघा तज्ज्ञांचे मत मागविले. उत्तर एकच बरोबर आहे, दुसरे विधान चूक आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण त्यामुळे बदलले, आणि पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्यांची संख्या सतरावर आली.

वाचकहो, या वादात कोण काय बोलले ते आठवून पाहा. 'आमच्या आवृत्तीत असे आहे', 'त्यांच्या आवृत्तीत तसे आहे' याच मुद्द्यावर सारा झगडा झाला. रेडियमचा अणू स्थिर असतो काय? युरेनियमचा असतो काय? क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध १८९८ साली जाहीर केला. किरणोत्सर्ग बारावीच्या अभ्यासक्रमात कित्येक वर्षे शिकविला जातो. ज्या मुलाने तो धडा समजून घेतला आहे, त्याला 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर' हे विधान वाचताच खटकावयास हवे होते, मग त्याच्या हाती कोणतीही आवृत्ती असो. परंतु लाखो बुद्धिमान मुलांनी पुस्तकातले वाक्य आठवले आणि खूण केली. त्यांना आम्ही दोष देत नाही. वाक्य आठवावे हेच त्यांना दोन वर्षे शिकविले गेले होते. थोरल्या भावंडाची जुनी पुस्तके वापरणारी मुलेही त्यांत होती, आणि पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवल्याची शिक्षा त्यांना झाली. दोष परीक्षा घेणाऱ्यांचा आहे. पुस्तकातले एक वाक्य उचलून त्याचे 'विधान' बनविणे म्हणजे विज्ञानाचा प्रश्न काढणे, अशी त्यांची समजूत झालेली दिसते. पुराणातील श्लोकाचा पाठभेद कोणता खरा, असा वाद जुने शास्त्री घालीत. त्यांचे निदान शास्त्र तरी तेच होते!

कठीण प्रश्न आणि विचार करावयास लावणारा प्रश्न या दोन निराळ्या वस्तू आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. परीक्षेची पातळी वाढवा म्हटले की प्रश्न लांब होतात, आकडे आडनिडे होतात, आणि 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही' असल्या दुहेरी नकाराच्या वाक्यांचे पेव फुटते. असल्या प्रश्नाने मुलाचा मेंदू थकतो खरा, पण तो विज्ञानाने थकत नाही, वाक्यरचनेने थकतो. त्यात मराठी माध्यमातून अकरावीत आलेल्या मुलाची तर दुप्पट ओढाताण होते. चुकणाऱ्यांची संख्या वाढली एवढ्याने प्रश्न चांगला ठरत नाही. पेला जमिनीवर टाकून तो फुटला म्हणजे काचेची परीक्षा झाली, असे म्हणण्यासारखे ते आहे.

आमच्या या लिखाणावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, पर्यायी प्रश्नांशीच आमचे वैर आहे. तसे नाही. चार पर्यायांच्या प्रश्नातूनही खोलवरचे अज्ञान उघडकीस आणता येते. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाच्या कल्पनेविषयी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातला एक प्रश्न कळंबोलीच्या चौकात विचारावा इतका घरगुती आहे : मोठा ट्रक आणि छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली, तर ट्रक मोटारीवर अधिक बल लावतो, की मोटार ट्रकवर, की दोन्ही बले सारखी? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणून दाखविणारे विद्यार्थीही या प्रश्नास 'ट्रक अधिक बल लावतो' असे उत्तर देतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना याच धर्तीची चाचणी दिली. अवघड गणिते लीलया सोडविणारी मुले असल्या साध्या प्रश्नांत अडखळतात, असे त्यांना आढळले. आम्ही तुम्ही शिकविल्याप्रमाणे उत्तर द्यावयाचे, की आम्हाला वाटते त्याप्रमाणे, असे त्यांच्या एका विद्यार्थिनीने विचारल्याचे ते सांगतात. माझूर यांनी मग आपली शिकविण्याची पद्धतच बदलली.

या प्रश्नावलीचे सामर्थ्य कशात आहे? तिच्यातील चुकीचे पर्याय कोणा परीक्षकाने रात्री बसून मनाने रचलेले नाहीत. विद्यार्थी खरोखर कोठे चुकतात, का चुकतात, याचा अभ्यास करून ते घेतलेले आहेत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरीखुरी चुकीची समजूत उभी आहे. असा एक प्रश्न तयार करण्यास महिने लागतात. असे प्रश्न आपल्याला करता येणार नाहीत असे नाही. खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करीत आहे. मुले विज्ञान कसे समजून घेतात आणि कोठे अडखळतात, हाच तेथील संशोधनाचा विषय आहे. ऑलिंपियाड स्पर्धांसाठी आपल्या देशाचे विद्यार्थी तेथेच निवडले व घडविले जातात. भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पाच तासांत तीनच सैद्धांतिक प्रश्न असतात, आणि प्रयोगांची परीक्षा स्वतंत्रपणे घेतली जाते. पाच तासांत तीन, आणि नव्वद मिनिटांत शंभर! दोन्ही ठिकाणी नाव एकाच शास्त्राचे आहे.

ऑलिंपियाडला मूठभर मुले बसतात, येथे लाखोंचा प्रश्न आहे, हा आक्षेप आम्हास ऐकू येतो आहे, आणि तो क्षुल्लक नाही. २०२५ साली सामाईक परीक्षेच्या दोन्ही गटांत मिळून साडेसात लाखांवर विद्यार्थ्यांची नोंदणी झाली होती. एवढ्या मुलांच्या लेखी उत्तरपत्रिका कोण तपासणार? तपासनिसाच्या लहरीचे काय? यंत्र निदान पक्षपात तरी करीत नाही. हे सारे खरे आहे. परंतु याच राज्याचे परीक्षा मंडळ बारावीच्या चौदा-पंधरा लाख मुलांच्या अनेक विषयांच्या लेखी उत्तरपत्रिका दरवर्षी तपासते आणि निकाल लावते. त्या गुणांना अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत आज स्थान नाही, ते केवळ पात्रतेपुरते उरले आहेत, ही गोष्ट निराळी. शिवाय आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत २००५ पर्यंत दोन टप्पे होते. पहिली चाळणी पर्यायी प्रश्नांची, आणि तीतून आलेल्यांची मुख्य परीक्षा लेखी. विद्यार्थ्याला उत्तरापर्यंत तो कसा पोहोचला हे कागदावर दाखवावे लागे. उत्तर चुकले तरी विचाराची दिशा बरोबर असल्यास गुण मिळत. २००६ पासून ती पद्धत बंद झाली. सोय झाली खरी. पण विद्यार्थ्याचा विचार पाहण्याची जी एकच खिडकी होती ती त्या सोयीपायी बुजविली गेली.

प्रयोगशाळेविषयी तर बोलावयासच नको. प्रवेश परीक्षेत हाताने काही करावयाचे नसल्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा ओस पडत चालल्या आहेत, आणि प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जातात. आणि हे कोठे, तर ज्या मुंबईत बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ शाळकरी मुलांसाठी लेखी, प्रयोग, प्रकल्प आणि मुलाखत अशा टप्प्यांची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चार दशकांहून अधिक काळ चालवीत आले आहे! सहावीतल्या मुलाकडून जे आपण मागतो, ते अभियंता होऊ पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणाकडून मागावयाचे नाही, यात कोणते तर्कशास्त्र आहे? (या स्पर्धेचेही शिकवणी वर्ग निघाले आहेत, हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा हातात परीक्षानळी घेतलेले मूल पाठ केलेल्या मुलाहून वेगळे दिसतेच.)

पालकवर्गासही दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण आमचा बहुसंख्य वाचक तोच आहे. शंभर प्रश्नांचे साठ करा, असे कोणी सुचविले की पहिला विरोध पालकांकडून होतो. प्रश्न कमी म्हणजे चुकीला जागा कमी, समान गुणांची मुले अधिक, आणि मग प्रवेश कशावर द्यावयाचा, अशी त्यांची धास्ती असते. आज या परीक्षेत पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत काढले जाते. सातव्या स्थळावर पुढे असलेला मुलगा अधिक चांगला अभियंता होईल, असे मानणारा एकही अभियंता आम्हास भेटलेला नाही. मुलांना वेगळे करण्याचे काम आज घड्याळ करीत आहे. ते प्रश्नांनी करावे, एवढीच मागणी आहे.

प्रवेश परीक्षा कक्षाकडे आमचे मागणे माफक आहे. भौतिक व रसायन या विषयांचे प्रश्न शंभराचे साठ करावेत आणि वेळ नव्वद मिनिटेच ठेवावी, म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट मिळेल. त्या साठांपैकी निदान दहा प्रश्न मानखुर्दच्या केंद्रासारख्या संस्थेच्या साहाय्याने, विद्यार्थ्यांच्या खऱ्या चुकांचा अभ्यास करून, दरवर्षी नव्याने तयार करावेत. परीक्षा आटोपल्यावर कोणता प्रश्न स्मरणाचा होता, कोणता आकलनाचा, कोणता उपयोजनाचा, आणि प्रत्येकास किती विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिले, याचा अहवाल जनतेपुढे ठेवावा; म्हणजे माहितीपत्रकातील 'उपयोजन' हा शब्द कोणालाही पारखून घेता येईल. आघाडीच्या काही हजार विद्यार्थ्यांसाठी लेखी टप्पा पुन्हा सुरू करण्याचा विचार ही पुढची पायरी आहे; तिला तयारी लागेल, आणि ती दोन-तीन वर्षांत करता येईल. पहिल्या तीन गोष्टींना मात्र नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक परिपत्रक पुरे आहे. ते अकरावीचे वर्ग सुरू होण्यापूर्वी निघावे, कारण शिकवणी वर्गांचे पैसे पालक त्याच सुमारास भरतात.